मोठ्या घरगुती व्हिडिओ फाइल्स डीव्हीडीवर बसवताना: जीबी नव्हे, मिनिटं मोजा

प्रश्न थोडक्यात असा: मिनीडीव्ही कॅसेटवरून संगणकात उतरवलेलं २ तास १० मिनिटांचं चित्रीकरण आहे, त्याच्या एव्हीआय फाइल्स मिळून २८ जीबी होतात. शिवाय फोनवर ४के मध्ये घेतलेल्या दीड तासाच्या क्लिप्स आहेत, त्या ३४ जीबी. हे सगळं साध्या डीव्हीडी प्लेअरवर, टीव्हीला जोडून बघता यायला हवं. झिप करून पाहिलं, फाइल जेमतेम काही एमबींनी कमी झाली. मग ४.७ जीबीच्या डिस्कवर हे बसणार कसं, आणि किती डिस्क लागतील?

मूळ फाइल किती जीबीची आहे हे इथे बघायचंच नाही. प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडीसाठी व्हिडिओ एमपेग-२ या डीव्हीडीच्या ठरलेल्या साच्यात नव्याने लिहिला जातो (एनकोड होतो) आणि त्या नव्या फाइलचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो: व्हिडिओ किती वेळाचा आहे आणि सेकंदाला किती बिट द्यायचे. म्हणून तुमची २८ जीबीची डीव्ही फाइल आणि कुणीतरी पाठवलेली दीड जीबीची दोन तासांची एमपी४ फाइल डीव्हीडीवर साधारण सारखीच जागा घेतात. दुसरी तर मुळापेक्षा फुगते. दीड जीबीची फाइल साडेचार जीबीची का झाली, असा गोंधळ अनेकांचा होतो, त्याचं कारण हेच. झिपचा उपयोग झाला नाही, कारण व्हिडिओ आधीच दाबलेला असतो आणि झिपला पिळून काढण्यासारखं त्यात फारसं उरलेलं नसतं.

आता डिस्कची जागा. डिस्कवर छापलेले ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे तीच डिस्क तिथे ४.३७ जीबी दिसते. डिस्क खोटी नसते आणि जागाही कुठे गेलेली नसते. पण फाइल ४.५ जीबीची दिसते म्हणून ४.७ मध्ये बसेल असं धरलं, तर शेवटच्या पायरीला येऊन अडकाल.

यातली साधारण चार टक्के जागा मेन्यू, प्लेअरला वाट दाखवणाऱ्या आयएफओ फाइल्स आणि चित्र-आवाज एकत्र गुंफताना लागणाऱ्या वेष्टनासाठी बाजूला ठेवायची. उरतात ४५० कोटी बाइट, म्हणजे ३,६०० कोटी बिट. त्यावरून पाठ करून ठेवण्यासारखं सूत्र निघतं: ६,००,००० ला मिनिटांनी भागा, उत्तर म्हणजे चित्र आणि आवाज मिळून परवडणारा बिटरेट, केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट. त्यातून आवाजाचे १९२ वजा केले की चित्राचा बिटरेट मिळतो.

९० मिनिटांना एकूण ६,६६६ येतात, चित्राला साधारण ६,४७५. १२० मिनिटांना एकूण ५,०००, चित्राला ४,८००. १५० मिनिटांना चित्राला ३,८००. १८० मिनिटांना जेमतेम ३,१४०. उलट बाजूला, ६० मिनिटांना सूत्र १०,००० देतं, पण तेवढे वापरता येत नाहीत. डीव्हीडीच्या नियमांत चित्राची कमाल मर्यादा ९,८०० आहे आणि सगळं मिळून १०,०८०. घरी बर्न केलेल्या डिस्कवर तर ८,००० च्या वर जाऊच नये. प्लेअरला बर्न केलेली डिस्क वाचणं छापील डिस्कपेक्षा अवघड जातं, आणि बिटरेटचे शिखर उंच असेल तिथे चित्र अडखळतं किंवा चौकोन उडतात. साठ मिनिटांच्या डिस्कवर थोडी जागा रिकामी राहिली तर राहू द्या.

दुहेरी थराच्या डिस्कवर ८५४ कोटी बाइट मावतात. तिथे ६,००,००० च्या जागी १०,९०,००० घ्या.

एका डिस्कवर किती मिनिटं

बाजारातल्या सिनेमाच्या डिस्कवर अडीच तास बसतात, मग आपले का नाहीत, ही तुलना नेहमी होते आणि ती चुकीची आहे. सिनेमाचं छायाचित्रण स्थिर असतं, प्रकाश भरपूर असतो, सेकंदाला २४ अखंड फ्रेम असतात, एनकोडर महागडा असतो आणि डिस्क बहुधा दुहेरी थराची असते. घरगुती चित्रीकरणात कॅमेरा हातात असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सगळं चित्रच थोडं सरकतं. घरातला प्रकाश कमी असल्याने चित्रात बारीक खरखर असते. एमपेग-२ ची सगळी बचत मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुन्हा न लिहिण्यात आहे, आणि हलणाऱ्या, खरखरीत चित्रात मागच्या फ्रेमसारखं काहीच उरत नाही. त्यामुळे हातातल्या कॅमेऱ्याच्या एका तासाला सिनेमाच्या एका तासापेक्षा पुष्कळ जास्त बिट लागतात.

म्हणून माझा सल्ला: एकेरी थराच्या डिस्कवर ७५ ते ९० मिनिटं. १२० मिनिटं चालून जातात, पण स्टेजवरचे दिवे, पाण्याचे फवारे, पळणारी मुलं अशा ठिकाणी चौकोन दिसायला लागतात. त्यापुढे गेलात तर एका कोऱ्या डिस्कची बचत होते आणि चित्र जातं, हा व्यवहार वाईट आहे.

तुमच्या बाबतीत: १३० मिनिटं एका डिस्कवर घातली तर चित्राला साधारण ४,४२० मिळतील. बसेल, पण त्यापेक्षा ६५-६५ मिनिटांच्या दोन डिस्क करा, दोन्हीला पूर्ण ८,००० देता येतात. फोनच्या ९० मिनिटांची तिसरी डिस्क, ६,४७५ वर. एकूण तीन. दोन डिस्कमध्ये तोडताना प्रसंग संपतो तिथे तोडा, बरोबर ६५ व्या मिनिटाला तोडण्याचा हट्ट नको.

पण एनकोड करण्याआधी कात्री चालवा. झाकण लावलेलं असताना चालू राहिलेला कॅमेरा, जमिनीचं चित्रीकरण, एकाच दृश्याचे तीन प्रयत्न, हे काढल्यावर १३० ची ११० मिनिटं होणं अजिबात अवघड नाही, आणि काढलेलं प्रत्येक मिनिट उरलेल्यांना बिट देऊन जातं. यासाठी फाइल पुन्हा एनकोड करायची नाही. डीव्ही एव्हीआयमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे व्हर्च्युअलडब किंवा अव्हीडीमक्समध्ये 'कॉपी' ठेवून कुठेही कापता येतं. फोनच्या एमपी४ मध्ये कापणं फक्त कीफ्रेमवर, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रांवर होतं, तिथे लॉसलेसकट वापरा आणि कापण्याची जागा सेकंद-अर्धा सेकंद मागेपुढे होईल हे धरून चाला.

मूळ फाइल कुठली आहे त्यावर तयारी बदलते

सगळ्यात जास्त डिस्क बिघडतात त्या इथे. जागेच्या हिशोबात चूक झाली तर सॉफ्टवेअर लगेच सांगतं. पण इथली चूक संगणकावर दिसतही नाही आणि टीव्हीवर डोळ्याला त्रास देत राहते.

डीव्ही एव्हीआय हा सगळ्यात सोपा प्रकार. आकार आधीच ७२० बाय ५७६, फ्रेम २५, म्हणजे पाल (भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीला हवं तेच. आकार बदलायचा नाही आणि डीइंटरलेस तर अजिबात करायचं नाही. डीव्ही चित्र इंटरलेस्ड असतं: सेकंदाला ५० अर्धी चित्रं (फील्ड), एकात सम ओळी, एकात विषम. ती मोडून पूर्ण फ्रेम बनवणं म्हणजे डीइंटरलेस. संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते पाहून लोक घाबरून डीइंटरलेस करतात आणि निम्मी हालचाल फेकून देतात. डीव्हीडी इंटरलेस्ड चित्रासाठीच बनलेली आहे, टीव्ही ते नीट दाखवतो. एनकोडरमध्ये फक्त 'इंटरलेस्ड' निवडा आणि फील्डचा क्रम बरोबर द्या. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या प्रकारच्या एचडी कॅमेऱ्यांत वरचं फील्ड आधी. क्रम उलटा दिला तर स्थिर दृश्य छान दिसतं, पण कॅमेरा वळला की चित्र पुढे-मागे थरथरतं. हे संगणकावर कळत नाही, म्हणून तपासणी टीव्हीवरच करायची.

डीव्हीतली दुसरी अडचण आवाजाची. बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत आवाज १२ बिटवर ठेवलेला असायचा आणि तेव्हा तो ३२ किलोहर्ट्झवर नोंदला जायचा. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झच लागतो. रूपांतर झालंय की नाही हे बघा, नाहीतर ऑथरिंगचं (डीव्हीडीची मांडणी करणारं) सॉफ्टवेअर फाइल नाकारतं किंवा आवाजाचा वेग बिघडतो. तासाभराच्या सलग फाइलमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला बांधलेलं नसतं, हे कारण बहुधा निघतं. कॅसेट दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत उतरवली तर फरक साठत नाही. आधीच उतरवली असेल तर आवाज वेगळा काढून चित्राच्या लांबीइतका ताणा किंवा आवळा.

कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइल्स, म्हणजे १०८०आय एव्हीसीएचडी, यात खरी मेख आहे. चित्र इंटरलेस्ड आहे आणि ते लहानही करायचं आहे. १०८० ओळींची पूर्ण फ्रेम सरळ ५७६ ओळींत दाबली तर सम आणि विषम ओळी एकमेकींत मिसळतात, आणि प्रत्येक हालचालीला भुतासारखी दुहेरी सावली येते. योग्य क्रम असा: आधी 'बॉब' पद्धतीने डीइंटरलेस करून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम बनवा, मग त्या ७२० बाय ५७६ करा, मग पुन्हा इंटरलेस करून ५० फील्ड घ्या. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ किंवा याडिफ फिल्टर प्रत्येक फील्डला एक फ्रेम या मोडवर, नंतर स्केल, नंतर इंटरलेस फिल्टर, याच क्रमाने लावा. वेळ लागतो, पण एचडी कॅमेऱ्याची डीव्हीडी सुबक दिसते ती याच एका गोष्टीमुळे.

फोनच्या क्लिप्समध्ये तीन वेगळ्या भानगडी असतात.

पहिली, फ्रेमचा वेग स्थिर नसतो. फोन ३० म्हणतो, पण अंधार वाढला की २४ वर येतो, पुन्हा ३० वर जातो. एनकोडर ठरावीक वेग धरून चालतो आणि आवाज हळूहळू घसरतो. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडा, फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' असेल तर आधी स्थिर वेगाची मधली फाइल बनवा. हँडब्रेक हे काम चांगलं करतो: 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', दर्जा उंच. मात्र हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही. तो एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम इतकंच देतो. ती एमपी४ फाइल तशीच डिस्कवर टाकून 'प्लेअरवर चालत नाही' म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरी, पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत). ३० फ्रेमचा व्हिडिओ २५ मध्ये बसवायचा म्हणजे दर सहावी फ्रेम टाकायची, आणि चालणारा माणूस सेकंदाला पाच वेळा अडखळल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा फोनच्या क्लिप्सची डिस्क एनटीएससी करा: ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. पाल प्रदेशातले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी डिस्क चालवतात. उलटं मात्र धरून चालू नका, एनटीएससी प्रदेशातले अनेक प्लेअर पाल नाकारतात. एका डिस्कवर दोन्ही पद्धती एकत्र करता येत नाहीत. तुमच्या तीन डिस्क वेगळ्या करायचं हेही एक कारण आहे: डीव्हीच्या दोन पाल, फोनची एक एनटीएससी.

तिसरी भानगड रंगांची. एचडी आणि ४के चित्राचं रंगांचं गणित ७०९ प्रमाणाचं असतं, डीव्हीडीचं ६०१ चं. आकार बदलताना हे रूपांतर झालं नाही तर त्वचा आणि हिरवळ थोडी वेगळी दिसते. नव्या फोनवर एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारी सोय) चालू असेल तर फरक थोडा राहत नाही, सगळं चित्र फिकट, राखाडी होतं. अशा क्लिप आधी साध्या एसडीआरमध्ये आणाव्या लागतात, आणि पुढच्या चित्रीकरणाआधी फोनमधला एचडीआर बंद ठेवणं त्याहून सोपं.

फोन उभा धरून घेतलेल्या क्लिप्सना दोन्ही बाजूंना काळे पट्टे द्या. सपाट काळा रंग जवळजवळ काहीच जागा खात नाही. रुंद चित्राला १६:९ ची खूण लावायला विसरू नका. डीव्हीडीत रुंद चित्रही त्याच ७२० रुंदीत दाबून ठेवतात, प्लेअर खूण बघून ते पसरवतो. माणसं उंच आणि किडकिडीत दिसली तर समजा ही खूण राहिली.

व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं काही असेल तर त्याचा न्याय वेगळा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील इतका कमी असतो की ७२० रुंदी त्यासाठी वाया जाते. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ हा अर्धा आकारही चालतो, आणि त्यात २,५०० ते ३,५०० केबीपीएसमध्ये व्हीएचएस स्वच्छ बसतं. तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर घालायची असेल तर हाच मार्ग. फक्त हा आकार ४:३ चित्रासाठीच आहे, १६:९ ची खूण त्यावर नियमात बसत नाही. कॅसेटच्या चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी सतत फाटलेल्या, वळवळणाऱ्या असतात, त्या काळ्या पट्टीने झाका. टीव्हीवर त्या बहुधा कडेबाहेर जातात, पण एनकोडर त्या निरुपयोगी वळवळीवर प्रत्येक फ्रेमला बिट उधळत असतो. खरखर कमी करणारा सौम्य फिल्टरही इथे लावा. सौम्य म्हणजे खरोखर सौम्य, चेहरे मेणाचे दिसायला लागले तर जास्त झाला.

एनकोडिंग

बिटरेट ८,००० च्या आसपास असेल तर स्थिर बिटरेटची एक फेरी पुरते. त्याखाली गेलात की दोन फेऱ्यांचं बदलतं बिटरेट वापरा. पहिल्या फेरीत एनकोडर कुठे हालचाल आहे आणि कुठे सगळे शांत बसलेत ते टिपतो, दुसऱ्या फेरीत शांत जागेचे बिट काढून हालचालीला देतो. सरासरी मात्र तुम्ही दिलेलीच राहते, त्यामुळे आकार अचूक येतो. 'दर्जा स्थिर ठेवा' हा पर्याय डीव्हीडीसाठी घेऊ नका, त्यात आकार आधी कळत नाही.

सेटिंग्ज अशी: सरासरी सूत्रातून आलेली, कमाल ८,०००, बफर (प्लेअरची तात्पुरती साठवण) २२४ किलोबाइट, म्हणजे १८,३५,००८ बिट. जीओपी, अर्थात दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर, पालला १५ फ्रेम आणि एनटीएससीला १८. बफर जास्त दिला किंवा कमाल मर्यादा मोकळी सोडली तर गुंफताना 'बफर अंडरफ्लो'च्या सूचना येतात. त्या दुर्लक्षून बनवलेली डिस्क प्लेअरवर नेमकी त्याच क्षणांना अडकते.

एफएफएमपेगमध्ये 'पाल-डीव्हीडी' हे तयार टार्गेट आहे, आकार, जीओपी, बफर सगळं ते स्वतः लावतं. पण त्यात चित्राला ६,००० आणि आवाजाला ४४८ ठरलेले असतात. तुमच्या १३० मिनिटांना ते तसंच वापरलं तर ६.३ जीबीची फाइल होईल, आणि तिसऱ्या तासाला कळेल की डिस्कवर जागा नाही. टार्गेट द्या, पण त्यानंतर दोन्ही बिटरेट स्वतःचे लिहा. आज्ञा लिहायचा कंटाळा असेल त्यांना विंडोजवर एचसीएनकोडर हा फुकट एमपेग-२ एनकोडर चांगला आहे, कमी बिटरेटवरही तो चित्र बऱ्यापैकी सांभाळतो.

आवाज एसी-३ (दाबलेला), स्टिरिओ, १९२. संगीताचा कार्यक्रम असेल तर २५६. काही सॉफ्टवेअर आपणहून पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज ठेवतात, तो १,५३६ केबीपीएस खातो. दोन तासांच्या डिस्कवर म्हणजे एकूण बिटरेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा. चित्र अनपेक्षित खराब आलं तर पहिल्यांदा हेच तपासा.

ऑथरिंग

एनकोड झालेली एमपेग-२ फाइल म्हणजे अजून डीव्हीडी नाही. प्लेअरला व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइल्स. व्हीओबी फाइल एक जीबीच्या वर जात नाही, म्हणून एकच व्हिडिओ तिथे चार-पाच तुकड्यांत दिसतो. ते तसंच असतं, जोडायचं नसतं. डीव्हीडीस्टायलर हे काम फुकट करतं. एकच लक्ष ठेवा: आधीच नियमात बसणारी फाइल दिलीत तर ती पुन्हा एनकोड होऊ देऊ नका, त्या फाइलच्या गुणधर्मांत व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हींना 'कॉपी' निवडा. नाहीतर रात्रभराची दोन फेऱ्यांची मेहनत हे सॉफ्टवेअर एका फेरीत पुसून टाकतं.

प्रत्येक क्लिपला वेगळं टायटल देऊ नका. टायटल बदलताना प्लेअर क्षणभर काळा होतो, आणि एका डिस्कवर ९९ च टायटल मावतात. फोनच्या पन्नास-साठ क्लिप्स एकाच टायटलमध्ये सलग जोडा आणि प्रत्येक प्रसंगाला एक चॅप्टर द्या. रिमोटवरचं 'पुढे' बटण दाबून वडीलधाऱ्यांना हवं ते सापडतं, मेन्यूची गरज फारशी पडत नाही. मेन्यू हवाच असेल तर स्थिर चित्राचा, आणि अक्षरं कडेपासून आत. हलत्या चित्राचा, संगीताचा मेन्यू देखणा दिसतो, पण त्याचे बिट तुमच्या चित्रीकरणातून जातात.

बर्न करण्याआधी फोल्डरचा आकार बाइटमध्ये बघा. ४,७०,०३,७२,९९२ बाइट ही डीव्हीडी+आरची सीमा, डीव्हीडी-आरमध्ये थोडं जास्त मावतं. थोडक्यात हुकलं असेल, समजा शंभर-दोनशे एमबी जास्त, तर सगळं पुन्हा एनकोड करायची गरज नाही. डीव्हीडी श्रिंक हे जुनं सॉफ्टवेअर तयार डीव्हीडी फोल्डर पाच-दहा टक्के आवळून देतं आणि फरक सहसा दिसत नाही. वीस टक्क्यांच्या पुढे मात्र चौकोन स्पष्ट दिसतात, तिथे मूळ फाइलवरून कमी बिटरेटने नव्याने एनकोड करणंच बरं. श्रिंक फक्त डीव्हीडीचं फोल्डर किंवा आयएसओ उघडतो, एव्हीआय किंवा एमपी४ त्यात टाकायचा प्रयत्न करू नका.

बर्निंग

व्हिडिओ_टीएस फोल्डर विंडोजच्या एक्सप्लोररने डिस्कवर ओढून टाकू नका. प्लेअरला फाइल्सचा क्रम आणि यूडीएफ १.०२ ही मांडणी हवी असते. इमगबर्न या बर्निंगच्या सॉफ्टवेअरला ते फोल्डर दिलं की तो हे ओळखतो आणि काही चुकत असेल तर विचारतो.

१६एक्सची डिस्क ८एक्सवर बर्न करा. जितकं हळू तितकं चांगलं, हा समज जुना आहे: आजच्या डिस्कचा थर १एक्स-२एक्ससाठी बनलेला नसतो. 'व्हेरिफाय' चालू ठेवा आणि डिस्क फायनलाइझ (शेवटी बंद) होऊ द्या. बर्निंग आतून बाहेर होतं आणि बाहेरची कड सगळ्यात दगा देणारी असते, म्हणून डिस्क काठोकाठ भरली की शेवटची दहा मिनिटं अडखळण्याची तक्रार येते. बाजूला ठेवलेल्या चार टक्क्यांतलं थोडं मोकळं राहिलं तर त्याचा हाही फायदा.

जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर, किंवा डीव्हीडी+आर बुकटाइप (डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार) 'डीव्हीडी-रॉम' करून. रायटरला ते जमत असेल तर इमगबर्नमध्ये सोय आहे. दुहेरी थराची डिस्क घेतलीत तर थर बदलण्याची जागा तो विचारतो. प्लेअर तिथे क्षणभर थांबतो, म्हणून दृश्य बदलतं किंवा शांतता आहे असा चॅप्टर निवडा. दुहेरी थराच्या डिस्क बर्न होताना जास्त फसतात आणि जुने प्लेअर त्यांना जास्त नाकारतात. घरगुती कामाला दोन एकेरी डिस्कच मी सुचवेन.

पहिली प्रत पुनर्लेखनाच्या डिस्कवर करून, ज्या टीव्हीवर बघायचं त्याच टीव्हीवर तपासा: कॅमेरा वळतो ते दृश्य, सगळ्यात गर्दीचं दृश्य आणि शेवटची पाच मिनिटं. तिन्ही नीट असतील तर बाकीचं नीट असतं. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो आणि लेबल सुटलं तर प्लेअरमध्ये अडकतं. पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने लिहा, टोकदार पेनाने नाही.

मूळ फाइल्सचं काय

१०८० च्या फ्रेममध्ये २० लाखांहून जास्त ठिपके असतात, डीव्हीडीच्या फ्रेममध्ये ४ लाख १५ हजार. ४के तर १०८० च्याही चौपट. डीव्हीडी झाली म्हणून मूळ फाइल पुसणं म्हणजे चित्राचा मोठा हिस्सा कायमचा टाकून देणं. मूळ एव्हीआय आणि एमपी४ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. मिनीडीव्ही कॅसेटही ठेवा.

मूळ फाइल्स डीव्हीडीवर डेटा म्हणून जपायच्या असतील तर गणित पुन्हा जीबीचं होतं. डीव्हीच्या १३ जीबीच्या तासाला तीन डिस्क, एकेकावर वीस मिनिटं. इथे रार किंवा सेव्हन-झिपचे तुकडे करू नका. मधली एक डिस्क खराब झाली की सगळी फाइल जाते. वर सांगितल्याप्रमाणे 'कॉपी' कात्रीने वीस-वीस मिनिटांच्या स्वतंत्र फाइल्स करा, एक डिस्क गेली तर तेवढीच वीस मिनिटं जातील. फाइल चार जीबीच्या वर असेल तर बर्न करताना यूडीएफ निवडा, आयएसओ ९६६० ची जुनी मांडणी इतकी मोठी फाइल नीट घेत नाही. तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकताना 'फाइल खूप मोठी आहे' असं आलं तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, फॉरमॅट केल्यावर ते उरणार नाही.